बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्सच्या बाहेर सू करतोय? औषध बदलण्याआधी हे तपासा

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही मुख्यतः बोक्यांची. बोका लिटरमध्ये (म्हणजे त्याच्या शी-सूच्या डब्यातल्या वाळूत) जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, बाहेर येतोय, परत जातोय, आणि लिटर उकरून बघितलं तर ओलं काहीच नाही किंवा थेंबभर, वर सारखा खालचा भाग चाटत बसलाय, तर ही पोस्ट इथेच सोडा आणि रिक्षा बोलवा. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. ही लघवी तुंबलीये. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते, त्यात बुळबुळीत स्राव, बारीक खर किंवा खडा अडकला की बूच बसतं, लघवी मागे साठत जाते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि ते थेट हृदयावर जातं. एक-दोन दिवसांत बोका हातचा जाऊ शकतो. बऱ्याच जणांना वाटतं शी होत नाहीये, मग एरंडेल नाहीतर तूप चाटवत बसतात आणि सकाळपर्यंत उलट्या सुरू झालेल्या असतात. आपल्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला हे आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, ऐन वेळी गुगल करत बसलं की नेमके बंद असलेले तीन सापडतात.

हे नाही ना? मग आता निवांत वाचा.

माझ्या घरात तीन मांजरं आहेत आणि ओळखीत सगळ्यांना ते माहितीये, त्यामुळे अधूनमधून फोन येतच असतात आणि तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते. कालपर्यंत शहाणं होतं, अचानक गादीवर सू केली, मग सोफ्यावर, मग इस्त्रीच्या कपड्यांवर, डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिकचा कोर्स केला, आठवड्यात एकदम बरं झालं आणि दोन महिन्यांनी परत पहिले पाढे पंचावन्न. आता डॉक्टर बदलू का, लिटर बदलू का, की मांजरच कोणाला देऊन टाकू.

हे असं परत परत का येतं ते आधी समजून घ्या म्हणजे निम्मा गोंधळ जाईल. तरुण ते मध्यमवयीन, म्हणजे साधारण दहा वर्षांच्या आतल्या मांजरांना लघवीचा त्रास होतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा निदान निघतं फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, थोडक्यात एफआयसी. मूत्राशयाला सूज येते, दुखतं, थोडी थोडी सू होते, कधी रक्त दिसतं, पण तपासलं तर जंतू सापडत नाहीत आणि खडाही सापडत नाही. आणि यातली खरी मेख अशी की हा झटका बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप ओसरतो, औषध द्या नाहीतर नका देऊ. मग त्या आठवड्यात जे काही केलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. कोणाचं अँटिबायोटिक, कोणाच्या होमिओपॅथीच्या गोळ्या, कोणाचं धने-जिऱ्याचं पाणी, एका काकूंनी तर दृष्ट काढली होती, आणि सगळ्यांना गुण आला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मूळ कारण घरात तसंच बसलेलं असतं, ते पुन्हा जागं झालं की पुन्हा गादी ओली.

एफआयसी कशाने उसळतं याचं सगळ्यात ठळक उत्तर आहे ताण. आता मांजराला कसला आलाय ताण, दिवसभर तर झोपतं, असं घरातले म्हणणारच, पण अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या २०११ च्या एका अभ्यासात त्यांनी एफआयसीवाली मांजरं आणि ठणठणीत मांजरं दोन्ही सांभाळली आणि त्यांच्या दिनक्रमात गडबड झाली की काय होतं त्याची नोंद ठेवली. गडबड म्हणजे फार काही नाही, खायची वेळ बदलली, सांभाळणारं माणूस बदललं, असलंच. तर अशा आठवड्यांत ठणठणीत मांजरंसुद्धा उलट्या करायला लागली, खाणं टाकायला लागली, बॉक्सच्या बाहेर जायला लागली. म्हणजे ज्याला आपण 'मुद्दाम करतंय' म्हणतो ते बऱ्याचदा आजारपणाचंच वागणं असतं. सूड वगैरे मांजराच्या डोक्यात नसतो हो, तो आपल्या सिरियलींमध्ये असतो.

माझ्या मावसबहिणीचा बोका बंड्या याचं उत्तम उदाहरण आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. डोंबिवलीला जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बंड्या पाच वर्षांचा, नसबंदी झालेली, घराबाहेर कधी पाय न ठेवलेला. याला दर काही महिन्यांनी झटका यायचा, आधी दाराजवळच्या पायपुसण्यावर आणि मग ताईच्या गादीवर, आणि प्रत्येक वेळी तेच अँटिबायोटिक. लघवीची तपासणी एकदाही झालेली नव्हती. मी म्हटलं ताई, आधी ती कर. रिपोर्टमध्ये रक्त होतं, जंतू नव्हते, सोनोग्राफीत खडा नव्हता. म्हणजे गाडी एफआयसीवर आली. मग प्रश्न उरला की घरात असं काय होतंय जे मधूनमधून होतं. पाहुणे? नाही. लिटर तेच, खाणं तेच, माणसं तीच.

सापडलं ते दाराबाहेर. पायपुसण्यावरच सुरुवात का होते म्हणून रात्री जिन्यातला दिवा बंद करून यूव्ही टॉर्च मारली (ऑनलाइन दोन-तीनशेला मिळते, लघवीचे डाग त्यात पिवळट-हिरवट चमकतात), तर चपलांच्या स्टँडच्या बाजूवर आणि दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली ओघळलेल्या रेघा. बिल्डिंगमधला एक दांडगा बोका रात्री वर यायचा आणि तिथे आपला शिक्का मारून जायचा. खाली कोणीतरी मासळीचं उरलंसुरलं टाकायचं म्हणून तो त्या भागात टिकून होता आणि पावसात तर मुक्कामालाच जिन्यात. दाराच्या फटीतून तो वास आत, आणि आत बंड्या, ज्याला ना पळता येतं ना भांडता येतं. ताईला वर्षभर तो वास येतच होता पण ती ड्रेनेजच्या पाइपला शिव्या घालत होती.

उपाय काय केला तर स्टँड आणि चौकट एन्झाइमवाल्या क्लीनरने दोन-तीनदा धुतली, दाराखालच्या फटीला हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती रबरी पट्टी लावली, चपला घरात घेतल्या आणि त्या दांडग्याला एका संस्थेच्या लोकांकडून पकडून त्याची नसबंदी करून घेतली, आता तो कानाचं टोक कापलेला (नसबंदी झाल्याची खूण) निमूट फिरत असतो. सोबत बंड्याचं पाणी वाढवलं, त्यावर पुढे लिहिते. त्यानंतर एकदा झटका आला, तो वरच्या मजल्यावर टाइल्स फोडण्याचं काम चालू असताना. काम संपलं, झटका संपला.

आता तुमच्या घरी कुठून सुरुवात करायची. आधी हे ठरवा की ही सू आहे की स्प्रे, कारण दोन्हीचा रस्ता वेगळा आहे. स्प्रे म्हणजे मांजर उभं राहतं, शेपटी ताठ वर, शेपटीचं टोक थरथरतं, आणि भिंत, पडदा, दार, वॉशिंग मशीन असल्या उभ्या पृष्ठभागावर मागे थोडासा फवारा जातो, वास जहाल. हे हद्दीचं काम. बोक्याची नसबंदी झाली नसेल तर पहिला उपाय तोच, साधारण दहापैकी नऊ बोक्यांचा स्प्रे त्याने बंद होतो किंवा खूप कमी होतो. पण नसबंदी झालेल्या बोक्यांपैकीही दहात एखादा स्प्रे करतो आणि मांजरीही करतात, त्यामुळे 'आमचा तर ऑपरेट केलेला आहे' म्हणून ही शक्यता खोडू नका. याउलट आडव्या जागेवर, खाली बसून, थारोळं केलेलं असेल तर ती सू, आणि मग दुखणं, बॉक्स आणि ताण हे तिन्ही तपासायचे, याच क्रमाने.

दुखण्याचा पहिला पुरावा तुमच्या लिटरमध्येच असतो, फक्त स्कूप करताना मोबाइलवर बोलायचं नाही. गोळे बनणारं लिटर असेल तर निरोगी मोठ्या मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात, लिंबाएवढे किंवा जरा मोठे. अचानक हरभऱ्याएवढे सात-आठ गोळे निघाले तर मूत्राशय दुखतंय. अचानक मोठे मोठे आणि जास्त निघायला लागले, पाणीही जास्त पितंय, तर किडनी, डायबिटीस, म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड, हे बघायला हवं. आणि अजून एक, मांजर मोरीत किंवा वॉश बेसिनमध्ये सू करायला लागलं तर लोक खूश होतात, बघा किती हुशार, साफ करायला सोपं. अहो ती हुशारी बहुतेक वेळा त्रासातून आलेली असते. त्यातल्या त्यात फायदा म्हणजे पांढऱ्या बेसिनवर गुलाबी थेंब लगेच दिसतो.

डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं 'बाहेर सू करतंय' सांगून इंजेक्शन घेऊन परत येऊ नका. लघवीची तपासणी मागा, शक्य असेल तर सोनोग्राफी, आणि अँटिबायोटिक लिहून दिलं तर कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ही तपासणी) करायचं का हे नम्रपणे विचारा. तरुण मांजरात जंतुसंसर्ग फार कमी वेळा असतो, दहा वर्षांच्या पुढे मात्र त्याचं प्रमाण बरंच वाढतं, त्यामुळे म्हाताऱ्या मांजराला अँटिबायोटिक लागूही शकतं. लघवीचा नमुना डॉक्टर पोटातून सुईने घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण सरावाच्या हाताने दोन मिनिटांचं काम आहे आणि कल्चरसाठी तोच नमुना खरा. घरून न्यायचा असेल तर धुतलेल्या रिकाम्या बॉक्समध्ये फिशटँकचे स्वच्छ खडे टाका, ते लघवी शोषत नाहीत, खाली जमली की सिरिंजने ओढा आणि लगेच पोचवा. फ्रिजमध्ये तासन्‌तास ठेवलेल्या लघवीत थंडीनेच क्रिस्टल (क्षारांचे बारीक कण) तयार होतात आणि मग रिपोर्टमध्ये 'क्रिस्टल' वाचून घरात मुतखड्याची चर्चा सुरू होते. थोडे स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे क्रिस्टल तर निरोगी मांजरातही दिसतात. खरोखरचा खडा असेल आणि तो स्ट्रुव्हाइटचा असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या खास खाण्याने काही आठवड्यांत विरघळू शकतो, ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. म्हणून कुठला आहे हे कळल्याशिवाय दुकानदाराच्या सांगण्यावरून महागडं युरिनरी फूड सुरू करण्यात अर्थ नाही.

बॉक्सचं बोलू. आपल्याकडे फ्लॅटमध्ये लिटर बॉक्स कुठे असतो? शंभरातल्या नव्वद घरांत ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, कारण वास नको. मांजर बसलंय आणि तेवढ्यात मशीन स्पिनला लागून थरथरायला लागलं, की एका झटक्यात त्याच्या डोक्यात ती जागा धोक्याची ठरते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही की काय झालं. त्यातून कामवाल्या ताई भांडी घासायला आल्या की बाल्कनीचं दार बंद, दोन तास बंद. जागा अशी हवी की जिथे दिवसरात्र जाता येईल, आवाज नसेल, खाण्यापिण्याच्या वाट्या शेजारी नसतील आणि आत असताना दुसऱ्या मांजराने रस्ता अडवला तर निसटायला दुसरी वाट असेल. हॉलचा कोपरा सगळ्यांत चांगला असतो, आणि हो, पाहुण्यांना दिसेल, दिसू दे.

पेट शॉपमध्ये मिळणारे बरेच बॉक्स लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा, त्याच्या दीडपट लांबी हवी. मी सरळ प्लॅस्टिकचं मोठं पसरट घमेलं वापरते, स्वस्त, धुवायला सोपं, आणि बोका आरामात गोल फिरतो. झाकणवाले फ्लॅपवाले बॉक्स माणसाच्या नाकासाठी बनवलेले असतात, आत वास कोंडतो आणि मांजराला बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. काही मांजरांना चालतात, पण त्रास सुरू झालाय तर आधी झाकण काढा. लॅव्हेंडर वगैरे सुवासिक लिटर नको. दोन-अडीच इंच थर, दिवसातून दोनदा स्कूप, एकदा तर कमीत कमीच, आणि घमेलं साध्या सौम्य साबणाने धुवायचं. लिटरचा प्रकार बदलायचा असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत जा. आवड कळत नसेल तर दोन घमेली शेजारी ठेवून एकात बेंटोनाइट (मातीचं लिटर) आणि दुसऱ्यात टोफू (सोयाबीनचं लिटर) ठेवा, मांजर आपणच सांगेल. संख्येचा नियम म्हणजे जेवढी मांजरं त्याच्यापेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या ठिकाणी, कारण एकाच कोपऱ्यात तीन ठेवले तर मांजराच्या हिशेबात तो एकच.

पावसाळ्यात बेंटोनाइट हवेतली ओल धरतं, गोळे बुडाला चिकटून लगदा होतो, ते मांजराच्या पंजाला चिकटतं आणि मग ते चादरीवर जातं. पिशवीचं तोंड घट्ट बांधून ठेवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण लिटर नेहमीपेक्षा लवकर बदला. जुने डागही याच दिवसांत परत वास मारायला लागतात कारण लघवीतले युरिक अॅसिडचे क्षार साध्या पाण्याने निघत नाहीत, ओल लागली की पुन्हा उठतात. तुम्हाला वाटतं नवीन सू केली, ती असते मार्चमधली.

म्हणून सफाई नीट हवी, आणि इथे फार जपून. फिनाईल नको, काळं असो की पांढरं, डेटॉल नको, कारण त्यातली फिनॉल किंवा पाइन तेल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, ते त्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. टी ट्री वगैरे तेलांचंही तेच. ब्लीच लघवीवर ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू निघतो, तो तुम्हालाही त्रास देईल. आधी टिपून घ्या, मग एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, नुसता शिंपडायचा नाही, लघवी जितकी खोल मुरली तितका तो मुरला पाहिजे, आणि लेबलवर सांगितलाय तेवढा वेळ ठेवून मगच पुसा. गादी कापसाची असेल तर खरं सांगू, आतपर्यंत मुरलेली असेल तर ती पिंजाऱ्याकडेच पाठवावी लागते. तोपर्यंत नव्या गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घालून ठेवा आणि दिवसा बेडरूमचं दार बंद.

घरात दुसरं मांजर असेल तर त्या दोघांचं खरंच जमतंय का ते लक्ष देऊन बघा. भांडण म्हणजे फिस्कारणं आणि केस उडणं एवढंच आपल्याला दिसतं. पण एक मांजर पॅसेजच्या मधोमध पसरून नुसतं टक लावून बघत असतं आणि दुसरं बॉक्सकडे न जाता वळून सोफ्यामागे जातं, हे भांडणच आहे, बिनआवाजी. खाणं, पाणी, बॉक्स, झोपायच्या उंच जागा, सगळं घराच्या दोन टोकांना वाटून ठेवलं की यातलं बरंच निवळतं.

आणि कधीकधी बॉक्सच्या तक्रारीबरोबर अचानक मारामारी सुरू होते, तेव्हा लोक फार घाबरतात. आमच्याच घरातलं सांगते. खिडकीच्या जाळीबाहेर कट्ट्यावर परकं मांजर येऊन बसलं, आमची चिमी आतून शेपटी फुगवून घशातून आवाज काढत होती, कान मागे चपटे झालेले, तेवढ्यात आमचा गरीब बोका नेहमीसारखा तिला हुंगायला गेला आणि तिने वळून त्याला धुतला. जन्मापासून एकत्र वाढलेली दोघं. राग बाहेरच्यावर, निघाला घरच्यावर. अशा वेळी मध्ये हात घालायचा नाही, मांजराचा चावा हा गंमतीचा विषय नाही, खोल जातो आणि पिकतो, चावलंच तर साबण लावून नळाखाली चांगली पंधरा मिनिटं धुवून डॉक्टरकडे जायचं, रेबीजचं इंजेक्शन हवं का तेही तेच सांगतील. मोठी उशी किंवा पुठ्ठा मध्ये सरकवून दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, अंधार करा, शांत करा. हा भडका कधी तासात निवतो, कधी दोन-चार दिवस धुमसतो. घाई करून 'चला दोस्ती करा' म्हणत समोरासमोर आणलं की परत पेटतं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवून खायला घाला, मग दार थोडं उघडून, मग जाळीतून. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला धुरकट फिल्म लावली की बाहेरचं मांजर दिसणंच बंद. पण कुठलंही कारण दिसत नसताना शांत मांजर चावायला लागलं, हात लावू देईना, तर दुखणं धरून चाला, दात असो, पाठ असो, आणि तपासून घ्या.

म्हाताऱ्या मांजरांचं वेगळं. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे बघितले तर ९० टक्क्यांमध्ये सांध्यांची झीज दिसली होती. ती लंगडत नाहीत, नुसती उडी मारायची कमी करतात. त्यांना बॉक्सची उंच कड ओलांडणं जिवावर येतं, म्हणून बॉक्सच्या बरोब्बर शेजारी सू असते. घमेल्याची एक बाजू कापून तीन-चार इंचांवर आणा, कड घासून गुळगुळीत करा, बस. पण स्वतःच्या मनाने पेनकिलर देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आपल्याकडे दर घरात असते म्हणून दोनदा सांगते, पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेनही नाही.

सू बॉक्समध्ये आणि शी बाहेर, असं असेल तर आधी शी कडक आहे का बघा, बद्धकोष्ठता असली की बॉक्समध्ये दुखतं आणि दोष बॉक्सला लागतो. पातळ असेल तर दूध बंद करून बघा, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा ते पचत नाही.

पाणी. एफआयसी असो की खडे, लघवी पातळ राहिली पाहिजे, आणि नुसत्या कोरड्या दाण्यांवर जगणारं मांजर कमी पाणी पितं. सॅशे (पाकिटातलं ओलं खाणं) किंवा उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या, मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबातच नको (विषारी आहे त्यांना). पूर्ण खाणं मात्र घरच्या चिकनवर ठेवू नका, त्यात सगळं मिळत नाही. पसरट वाट्या तीन-चार ठिकाणी ठेवा, काहींना वाहतं पाणी आवडतं म्हणून छोटं कारंजं चालतं.

ताणाचं कारण शोधायला भिंतीवरच्या कॅलेंडरइतकं सोपं साधन नाही, दूधवाल्याचा हिशेब लिहितो ना, त्याच चौकटीत. बाहेर सू झाली की कुठे झाली ते लिहा, आणि घरात त्या आठवड्यात काय झालं तेही, कितीही फुटकळ वाटलं तरी. गावाहून सासूबाई आल्या, नवीन सोफा आला, मुलीची परीक्षा म्हणून जागरण, वर ड्रिलिंग, ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला, वर्क फ्रॉम होम संपून ऑफिस चालू झालं, रात्रीचं खाणं दहावरून साडेअकरावर गेलं. दोन-तीन झटके झाले की ओळ दिसायला लागते. मग गणपती-दिवाळीच्या आधीच तयारी करता येते, आतली एक खोली, त्यात बॉक्स, पाणी, लपायला पुठ्ठ्याचं खोकं, पडदे ओढलेले, आणि आरतीच्या वेळी तिकडे कोणी जायचं नाही. खायच्या आणि खेळायच्या वेळा सणातही त्याच ठेवायच्या, हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं आणि सगळ्यात कमी केलं जातं.

मारणं, ओरडणं, नाक सूमध्ये घासणं हे प्रकार अजून चालतात म्हणून लिहावं लागतंय. त्याने मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर सू करायची नाही, मग ते कपाटामागे करतं. जिन्यात किंवा मार्केटमध्ये नेऊन सोडणं तर विचारातही आणू नका, घरात वाढलेलं मांजर बाहेर टिकत नाही. सून गरोदर आहे म्हणून मांजर हाकला, हाही एक नेहमीचा हट्ट. टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा परजीवी) भीती खरी आहे पण शीमधून तो जंतू लागण करण्याइतका तयार व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात, म्हणून शी रोज काढायची, ती दुसऱ्या कोणीतरी काढायची, आणि मांजराला कच्चं मटण द्यायचं नाही. नवरेमंडळींना या निमित्ताने स्कूप हातात घ्यायला शिकवता येतं.

एवढं सगळं करूनही महिना-दीड महिना फरक नसेल तर फेरोमोनचा डिफ्यूझर मिळतो (फेलिवे वगैरे, मांजराला निवांत वाटावं असा गंध खोलीत सोडणारं यंत्र), काही घरांत चांगला फरक पडतो, काहींत काडीचाही नाही. त्यापुढे डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखी (माणसांना नैराश्यावर देतात तीच) औषधं देतात, विशेषतः स्प्रेसाठी, ती लागू पडायला काही आठवडे लागतात आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. माणसांची तीच गोळी घरात आहे म्हणून तुकडा करून द्यायचा विचारही नको.

दुखणं बरं झालं, बॉक्स बदलला, तरी सवय म्हणून गादीवरच जात असेल तर एक-दोन आठवडे त्याला एका लहान खोलीत ठेवा, जिथे पायपुसणं, गोधडी, बीन बॅग असलं मऊ काही नाही, फक्त त्याची झोपायची जागा, खाणं-पाणी, आणि त्यापासून लांब कोपऱ्यात बॉक्स. दिवसातून तीन-चार वेळा आत जाऊन बसा, खेळा, नाहीतर हीच शिक्षा वाटेल. सलग आठवडाभर सगळे गोळे बॉक्समध्ये मिळाले की एक खोली उघडा, मग दुसरी. बेडरूम सगळ्यात शेवटी, आणि पायपुसणी एकेक करून परत आणा, सगळी एकाच दिवशी नको, म्हणजे परत काही झालंच तर नेमकं कशावर झालं ते कळेल.